जुनी लेगो रेल्वे पुन्हा रुळावर आणताना

जुन्या लेगो रेल्वेचं खोकं हाती आलं की बहुतेकांचा हात आधी साबणाच्या पाण्याकडे जातो. तो जरा आवरा. भिजून सुटलेला स्टिकर परत नीट बसत नाही, घाईत सोडवताना मोडलेली प्लेट (पातळ, चपटा ठोकळा) सांधत नाही आणि छापील ठोकळ्यावरची अक्षरं एकदा गेली की गेलीच. म्हणून या कामाचा क्रम मी एकाच कसोटीवर लावतो: चुकलं तर दुरुस्त करता येईल ते आधी, एकदाच करता येतं ते शेवटी. आधी गाडी ओळखायची, मग सुटे भाग मोजायचे, वीज तपासायची, मग धुवायचं आणि जोडायचं. पिवळे पडलेले ठोकळे पांढरे करायचे की नाही, याचा विचार गाडी एकदा उभी राहिल्यावर.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. गाडी धावायला हवी आहे की कपाटात उभी राहायला? धावणाऱ्या गाडीला नवा रबर, नवी वायर, नवा अ‍ॅडॉप्टर चालतो. मांडून ठेवायच्या गाडीत मात्र रंगाची छटा आणि त्या काळचा नेमका भाग महत्त्वाचा. दोन्ही एकदम साधायला गेलात तर काम वर्षानुवर्षं संपत नाही.

पहिली पायरी: गाडी कोणत्या पिढीची?

हे रुळांवरूनच कळतं. लेगोची पहिली रेल्वे १९६६ साली आली. निळे रूळ, पांढरे स्लीपर, साडेचार व्होल्टची मोटर आणि बॅटऱ्यांसाठी वेगळा डबा. १९६९ पासून १२ व्होल्टची गाडी मिळू लागली. तिच्यात दोन रुळांच्या मधोमध वीज वाहणाऱ्या आणखी दोन पट्ट्या असतात आणि मोटरच्या पोटाखालचे स्प्रिंगवाले संपर्क त्यांना घासत जातात. १९८० मध्ये रूळ करडे झाले. दूरवरून बटण दाबून चालणारे, गाडीचा मार्ग बदलणारे सांधे, सिग्नल, डबे सोडवणारी यंत्रणा, उघडमिट करणारं फाटक असा सगळा १२ व्होल्टचा थाट याच दशकातला. १९८० ची इंटरसिटी (संच ७७४०), १९८३ ची वाफेच्या इंजिनाची मालगाडी (७७२७) आणि १९८५ ची लाल-पांढरी एक्सप्रेस (७७४५) या गाड्या चाहत्यांना आजही खुणावतात. १९९१ मध्ये ९ व्होल्टची पद्धत आली. मधल्या पट्ट्या गेल्या, रूळ आणि स्लीपर एकाच तुकड्यात आले, आणि रुळावरच्याच धातूच्या आवरणातून वीज चाकांमार्गे मोटरला मिळू लागली. त्या वर्षीची मेट्रोलायनर (४५५८) इतकी गाजली की पुढे २००१ मध्ये कंपनीने ती पुन्हा विक्रीला आणली. २००६ मध्ये निव्वळ प्लास्टिकच्या रुळांवर चालणारी रिमोटची गाडी आली आणि ९ व्होल्टची पद्धत मागे पडली.

नवख्या माणसाला दिलासा देणारी गोष्ट अशी की रुळांमधलं अंतर १९६६ पासून बदललेलं नाही. निळ्या रुळांच्या काळातला डबा आजच्या रुळांवरही घरंगळतो. प्रश्न येतो तो फक्त विजेचा. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने माझ्या मते ९ व्होल्टची गाडी घ्यावी. जोडण्या कमी, बिघाड शोधायला सोपे, आणि सुटे भागही त्या मानाने सहज सापडतात. १२ व्होल्टची गाडी देखणी आहे यात वाद नाही, पण तिचे लाड बरेच करावे लागतात.

दुसरी पायरी: मोजणी

सोडवण्याआधी फोटो काढा. चारी बाजूंनी, वरून, आणि मुख्य म्हणजे खालून. आधीच्या मालकाने मोडतोड करून काहीतरी तिसरंच जोडलेलं असलं तरी काढा, कारण एखादा दुर्मीळ भाग भलत्याच ठिकाणी बसवलेला असतो आणि मग कुठून आला ते आठवत नाही.

संचाचा क्रमांक कळला की त्याच्या भागांची यादी ब्रिकलिंक किंवा रीब्रिकेबल या संकेतस्थळांवर मिळते. जुन्या पुस्तिका चाहत्यांनी स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. क्रमांक माहीत नसेल तर छापील किंवा विचित्र आकाराचा एखादा भाग धरा आणि तो कोणकोणत्या संचांत आला होता ते पाहा. साध्या २×४ ठोकळ्यावरून काहीच कळणार नाही. रेल्वेचं दार, खिडकी किंवा नाकाचा उतरता भाग मात्र लगेच पत्ता सांगतो.

मग वेगळं करा. इथे एक सल्ला कळकळीने: रंगानुसार नव्हे, आकारानुसार. काळ्या ढिगाऱ्यात काळी १×२ प्लेट शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. सगळ्या १×२ प्लेट एका वाटीत असतील तर त्यांतली काळी लगेच दिसते.

मोजताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली, स्टडवरचं, म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्यावरचं नाव. अस्सल ठोकळ्याच्या स्टडवर लेगो हे नाव उठावात असतं. ते नसेल तर तो दुसऱ्या कंपनीचा ठोकळा, बाजूला काढा. दुसरी, करड्या रंगाची छटा. २००४ च्या सुमारास लेगोने आपले करडे रंग बदलले. जुना करडा किंचित पिवळसर, उबदार, नवा निळसर. तपकिरीतही असाच फरक पडला. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात हे कळत नाही, म्हणून खिडकीपाशी दिवसाउजेडी निवडा. जुन्या गाडीच्या छतावर एक निळसर करडी प्लेट बसली की सगळी गाडी ठिगळ लावल्यासारखी दिसते. सुटे भाग मागवताना ब्रिकलिंकवर ‘लाइट ग्रे’ आणि ‘लाइट ब्लूइश ग्रे’ असे दोन वेगळे रंग दिसतील. जुन्या गाडीला पहिला. तिसरी, साच्यातले बारीक फरक. जुन्या टाइलच्या (माथ्यावर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेटच्या) खालच्या कडेला खाच नसते, नंतरच्या टाइलला असते. धावत्या गाडीत याने काही बिघडत नाही, पण अस्सलपणाचा आग्रह असेल तर यादीतल्या क्रमांकापुढचं अक्षर बघा: ३०६९ए म्हणजे बिनखाचेची, ३०६९बी म्हणजे खाचेची.

हरवलेल्या भागांची यादी तयार झाली तरी लगेच मागवू नका. धुतल्यावर आणखी काही चिरलेले निघतात. विशेषतः १×१ आणि १×२ ठोकळ्यांच्या भिंतींना उभी बारीक चीर गेलेली असते, आणि मळ निघाल्याशिवाय ती दिसत नाही.

तिसरी पायरी: वीज

सगळा वेळ आणि सगळा आनंद या पायरीत आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

सर्वांत आधी ट्रान्सफॉर्मर. तो घरच्या विजेवर चालतो आणि त्याचं वय तीस-चाळीस वर्षं असू शकतं. वायरचं आवरण तडकलेलं असेल, प्लग सैल असेल, जळकट वास येत असेल तर तो लावूच नका, आणि काहीही झालं तरी उघडू नका. मागच्या पट्टीवर तो किती व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आहे ते वाचा. १२० व्होल्टसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर लावला तर तो क्षणात संपेल. ज्यांना गाडी फक्त धावायला हवी आहे त्यांनी जुना ट्रान्सफॉर्मर सरळ मांडणीत ठेवावा आणि योग्य व्होल्टचा नवा डीसी अ‍ॅडॉप्टर व वेगनियंत्रक वापरावा. १२ व्होल्टच्या सांध्यांना आणि सिग्नलना मात्र जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून वेगळा एसी पुरवठा मिळत असे, हे नवा अ‍ॅडॉप्टर घेताना ध्यानात असू द्या.

साडेचार व्होल्टच्या गाडीत बॅटरीचा डबा उघडतानाच नाक-डोळे सांभाळा. आत दीड-दीड व्होल्टचे तीन सेल बसतात आणि ते बऱ्याचदा तिथेच फुटून सुकलेले असतात. अल्कलाइन सेलची पांढरी खपली क्षारीय असते. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती विरघळवा, मग पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फार जुने झिंक-कार्बनचे सेल असतील तर गळती आम्लधर्मी असते. तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी. हातमोजे दोन्ही वेळा. त्यानंतरही पत्र्याचे संपर्क काळे राहिले तर पेन्सिलीच्या खोडरबराने घासा.

आता मोटर. इंजिन न जोडता, नुसती मोटर हातात धरून, कमी व्होल्टवर काही सेकंद वीज द्या. फिरली तर उत्तम. गुणगुणते पण फिरत नाही, तर आत वाळलेलं ग्रीस किंवा आसाभोवती गुंडाळलेले केस आहेत. चिमट्याने केस, धागे काढा. जुन्या गालिच्यावर धावलेल्या गाड्यांत हा ऐवज भरपूर निघतो. आसाच्या टोकाला शिलाई यंत्राच्या हलक्या तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकावरून. फवारणीचं गंज-सोडव तेल आत मारू नका, ते विजेच्या संपर्कांवर आणि प्लास्टिकवर पसरतं. चाकं बोटांनी जबरदस्तीने फिरवायचीही नाहीत, गिअरचे दात जातात.

९ व्होल्टच्या मोटरवर एक सोपी परीक्षा आहे. तिच्या माथ्यावर वायर लावण्याची २×२ स्टडची जोडणी असते. तिथून वीज दिली आणि मोटर फिरली, पण रुळांवर ठेवल्यावर फिरत नाही, याचा अर्थ मोटर ठणठणीत आहे; चाकांच्या धातूच्या कडा किंवा रूळ मळलेत. माथ्यावरूनही फिरत नसेल तरच मोटर उघडण्याचा विचार करा, आणि सोल्डरिंगचा हात नसेल तर तेव्हाही करू नका. चालू स्थितीतली दुसरी मोटर शोधणं स्वस्तात पडतं.

१२ व्होल्टच्या मोटरमध्ये पोटाखालचे संपर्क पाहा. काळवंडलेले असतील तर कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, आणि ते स्प्रिंगवर खालीवर सहज दबतात का ते बघा. चाकांवरच्या रबरी कड्या कडक होऊन तुटलेल्या असतात. त्यांच्याशिवाय गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. तेवढ्याच व्यासाची आणि जाडीची साधी ओ-रिंग बहुधा काम भागवते.

९ व्होल्टच्या सुरुवातीच्या काळातल्या वायर वाकवून पाहा. नव्वदच्या दशकातल्या काही वायरींचं आवरण भुसभुशीत होऊन गळून पडतं आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. अशी वायर टेप गुंडाळून चालवू नका. दोन्ही टोकांचे प्लग ठेवून मधली वायर बदलता येते, किंवा सरळ दुसरी घ्या.

दिवे शेवटी. जुन्या बल्बच्या जागी एलईडी लावणार असाल तर त्याला रेझिस्टर (वीजप्रवाह आवरणारा छोटा भाग) लागतो, आणि गाडी उलट दिशेला गेली की विजेची धन-ऋण बाजू बदलते, तेव्हा एकच एलईडी विझून जातो. दोन्ही दिशांना उजेड हवा असेल तर तशी जोडणी करावी लागते.

चौथी पायरी: रूळ

अल्कोहोल आणि धागे न सुटणारं सुती फडकं, बस्स. वाळूचा कागद रुळावरचा पातळ मुलामा खरवडून काढतो आणि मग तिथे मळ दुप्पट वेगाने बसतो. लोखंडी घासणीचे तंतू तर मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

पुसून झाल्यावर रूळ जोडा आणि मल्टीमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीज पोचते का ते पाहा. खोट निघते ती जवळजवळ नेहमी दोन तुकड्यांच्या जोडावर. ९ व्होल्टच्या रुळांच्या टोकाला धातूच्या छोट्या जिभा असतात, त्या दबलेल्या किंवा वाकलेल्या असतील तर नखाने हलकेच पूर्ववत करा. १२ व्होल्टच्या मधल्या पट्ट्या तुकड्या-तुकड्याने काढून, टोकं पुसून परत लावाव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मांडणीचं थोडं गणित: एक सरळ रूळ १६ स्टड लांब, म्हणजे १२८ मिलिमीटर. १६ वक्र रूळ मिळून पूर्ण वर्तुळ होतं आणि त्याची त्रिज्या मध्यरेषेपर्यंत ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. रुळांच्या बाहेरची जागाही धरली तर साध्या गोलासाठी सुमारे पाऊण मीटर रुंदीचं टेबल लागेल. चाचणीसाठी गोलच पुरे. ९ व्होल्टच्या रुळांवर गाडी वळून त्याच मार्गावर उलट येईल असा फेरा आखू नका, दोन्ही रूळ एकमेकांना भिडून शॉर्ट सर्किट होतो.

पाचवी पायरी: सोडवणं आणि धुणं

ठोकळे सोडवायला लेगोचाच सेपरेटर वापरा. दात आणि सुरी दोन्ही दूर ठेवा. २००४ नंतरच्या गाडीत लालसर तपकिरी भाग असतील तर विशेष जपा, त्या रंगाचे बरेच ठोकळे ठिसूळ निघाले आहेत आणि चिमटीतच तुटतात. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मग सोडवले तर वाचण्याची शक्यता जरा वाढते.

पाणी ४० अंशांच्या वर नको. साधा भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश, जाळीची पिशवी. कपडे धुण्याच्या यंत्रात घालू नका आणि हेअर ड्रायरने वाळवू नका. मोटर, दिवे, वायर, चुंबक, धातूच्या आसांची चाकं आणि स्टिकर लावलेले भाग पाण्यात जाऊ देऊ नका. ते ओलसर फडक्याने पुसायचे. पारदर्शक खिडक्यांना अल्कोहोल लावू नका, बारीक भेगा पडतात. अ‍ॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रावण तर घरातच लपवून ठेवा, कारण लेगोचं एबीएस प्लास्टिक त्यात चक्क विरघळतं.

स्टडच्या पोकळीत पाणी अडकून राहतं. टॉवेलवर स्टड खाली करून सावलीत दोन दिवस पसरून ठेवा.

सहावी पायरी: जोडणी आणि पहिली फेरी

डबे एकेक करून जोडा आणि प्रत्येक डबा पूर्ण झाला की लगेच घरंगळवून बघा. सरळ रुळाचं एक टोक पुस्तकावर टेकवून थोडा उतार करा, डबा सोडा. अडखळला तर आत्ताच कळलेलं बरं. सहा डबे जोडल्यावर दोषी कोण हे शोधायला अर्धा दिवस जातो. कारणं तीनच असतात: आसात केस, चाकाची वाकलेली दांडी, किंवा वळणावर फिरणाऱ्या चाकगाड्याला वरची एखादी प्लेट घासते आहे.

डबे एकमेकांना ढकलत असतील तर चुंबक उलटा बसला आहे, फिरवून घाला. चुंबक धारकातून सुटा निघत असेल तर लहान मुलांच्या हाती ती गाडी देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना खेचतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

गाडी वळणावर घसरते? आधी रूळ बघा, गाडी नंतर. डावं वळण संपताच लगेच उजवं वळण लागलं की लांब डबे एकमेकांना बाहेर खेचतात. मध्ये एक सरळ रूळ टाकला की बरंचसं थांबतं. गाडी लांबच्या बाजूला मंदावत असेल तर वीज तिथपर्यंत पोचता पोचता कमी होते आहे. समोरच्या बाजूला त्याच नियंत्रकातून दुसरी वायर जोडा, फक्त धन-ऋण तेच ठेवा. पहिली काही मिनिटं निम्म्या वेगावर, आणि मधूनमधून मोटरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर थांबा.

आता पिवळेपणाकडे पाहा

गाडी धावू लागली की तिला तीन-चार हातांवरून बघा. पांढरे आणि करडे ठोकळे किंचित पिवळे दिसतील. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने प्लास्टिकचा पृष्ठभाग बदलतो, त्याचा हा रंग. सगळीकडे एकसारखा असेल तर मला तो चालतो, बरं दिसतं म्हटलं तरी हरकत नाही. खटकतो तो एका बाजूने पिवळा आणि दुसरीने पांढरा असा ठिपक्यांचा डबा. तेवढेच ठोकळे काढा.

पद्धत अशी: पारदर्शक डब्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं चालतं, फक्त वेळ लागतो. केस रंगवताना वापरतात ते ६ ते १२ टक्क्यांचं लवकर काम करतं, पण त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवेतच. ठोकळे बुडवून उन्हात ठेवा. त्यांना बुडबुडे चिकटतात आणि ते वर तरंगतात. वरून पारदर्शक वजन ठेवलं नाही तर अर्धा ठोकळा पांढरा, अर्धा पिवळा निघतो. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. दर तासाने ढवळा आणि रंग पुरेसा वाटला की काढा. हाव केली तर ठोकळ्यावर खडूसारखी पांढरट छटा येते, निळ्या आणि करड्या भागांवर तर ती लगेच दिसते, आणि मग ती जात नाही. छापील, स्टिकरचे, पारदर्शक, रबरी आणि धातू असलेले भाग यात घालायचे नाहीत. आणि हा उपाय कायमचा नसतो. काही वर्षांत रंग परत पिवळा पडू शकतो.

ठेवताना बॅटऱ्या काढून घ्या आणि ऊन थेट येईल अशी जागा टाळा. रबरी कड्या घातलेली मोटर महिनोन्‌महिने रुळावर उभी ठेवली तर कड्यांना सपाट बाजू पडते, म्हणून ती आडवी ठेवा. मऊ आवरणाच्या वायर ठोकळ्यांना चिकटून एकाच खोक्यात कोंबू नका. आवरणातला तेलकट अंश प्लास्टिकमध्ये उतरतो आणि ठोकळ्यावर वायरच्या आकाराचे चर पडतात. वायर वेगळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर संचाचा क्रमांक.